नैराश्याची गोळी: किती दिवस, आणि कुणाच्या सांगण्यावरून?



मला विषय कळवला गेला तो असा: 'जुनाट नैराश्यावर औषधं घ्यावीच लागतात का?' शेवटी प्रश्नचिन्ह होतं. पण नंतर आयोजकांपैकी एका चाचांचा फोन आला. म्हणाले, "बेटा, असं बोल की लोकांच्या गोळ्या सुटतील." संध्याकाळी एका आपांचा फोन आला. त्या म्हणाल्या, "असं बोल की लोक लाजायचं सोडून गोळ्या घ्यायला लागतील." मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एकाच क्लायंटच्या दोन माणसांनी दोन उलट्या मागण्या सांगणं हे मला काही नवं नाही. अशा वेळी आम्ही आधी विचारतो, हे वापरणार कोण आहे? तर आज मी वापरणाऱ्याच्या बाजूने बोलतो. मी डॉक्टर नाही. मला अकरा वर्षं हा आजार आहे, आणि आज सकाळी नाश्त्यानंतर मी गोळी घेऊनच इथे आलो आहे.

'जुनाट' म्हणजे काय, हे आधी सांगतो. चार दिवस उदास वाटलं, परीक्षेत नापास झालो, कुणी गेलं आणि रडू आलं, हे नैराश्य नव्हे. दोन वर्षं किंवा त्याहून जास्त काळ, बहुतेक दिवस, दिवसातला बहुतेक वेळ मन खाली गेलेलं असणं, याला डॉक्टर जुनाट नैराश्य म्हणतात. याची गंमत अशी की माणूस कामावर जातो. मी जात होतो. कोड लिहीत होतो, मीटिंगमध्ये बोलत होतो, ईदला शीरखुर्मा पीत होतो. कुणाला काही दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं काही नव्हतंच. फक्त आतून प्रत्येक गोष्टीला तिप्पट जोर लागत होता. दात घासायलासुद्धा.

अशा माणसाला आपल्याकडे दोन बाजूंनी सल्ला मिळतो. पहिली बाजू तुम्हाला ठाऊक आहे. इमान कमजोर झालंय, नमाज वेळेवर पढ, नजर लागली असेल, अमुक ठिकाणी घेऊन जा. दुसरी बाजू आपल्या चळवळीतली आहे, म्हणून ती इथेच बोललेली बरी. आपले शिकलेले, वाचणारे मित्र म्हणतात, नैराश्य हे व्यवस्थेने दिलेलं आहे. मुसलमान म्हणून भाड्याने घर मिळत नाही, नाव ऐकून मुलाखत गुंडाळली जाते, रात्री मोबाइलवर काय काय येतं, मग माणूस निराश होणार नाही तर काय? गोळी देणं म्हणजे अन्यायाला आजार ठरवणं.

यातलं अर्धं मला मान्य आहे. घर नाकारलं जाणं हा आजार नाही आणि त्यावर जगात कुठली गोळी नाही. त्यावर लढायचंच. पण घर मिळाल्यावर, नोकरी लागल्यावर, सगळं मार्गी लागल्यावरही एखादा माणूस सहा महिने अंथरुणातून उठू शकत नसेल, तर त्याला व्यवस्थेचं विश्लेषण ऐकवून काय होणार? आणि पाहा, मौलवीसाहेब आणि आपले क्रांतिकारी मित्र, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, इथे मात्र एकाच गोष्टीवर येऊन थांबतात. दोघेही आजारी माणसाला म्हणतात, गोळी घेऊ नकोस.

आता औषधाकडे येतो. मी मिरजेचा. आमच्या वानलेसवाडीच्या टीबी सॅनेटोरियममुळे टीबी हा शब्द आम्ही लहानपणापासून ऐकलेला. नैराश्याच्या औषधाची गोष्ट टीबीपासूनच सुरू होते. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात टीबीच्या रुग्णांना आयप्रोनियाझिड नावाचं नवं औषध देऊन पाहत होते. फुफ्फुसाचं जे व्हायचं ते झालंच, पण खाटेला खिळलेली माणसं बोलायला, हसायला, जेवण मागायला लागली. नैराश्यावर औषध म्हणून ते कुणी बनवलंच नव्हतं. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रमिनबद्दल लिहिलं. तेही आधी दुसऱ्याच मानसिक आजारासाठी तपासलं जात होतं. म्हणजे औषधं सापडली आधी, आणि ती का चालतात याचा शोध नंतर सुरू झाला. तो अजून संपलेला नाही.

मधल्या काळात एक सोपं उत्तर पसरलं: मेंदूत सेरोटोनिन कमी होतं, गोळी ते भरून काढते. मलाही पहिल्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हेच सांगितलं होतं. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीचे अभ्यास एकत्र तपासले आणि सांगितलं की कमी सेरोटोनिनमुळे नैराश्य येतं याला पटण्यासारखा पुरावा नाही. लगेच आपल्या ग्रुपवर मेसेज फिरला, 'गोळ्या म्हणजे फसवणूक, सिद्ध झालं.' असं काही सिद्ध झालं नव्हतं. आमच्याकडे सर्व्हर अडकला की तो बंद करून पुन्हा चालू करतात, आणि बऱ्याचदा तो चालतो. म्हणून सर्व्हरला 'रिस्टार्टची कमतरता' झाली होती असं कुणी म्हणत नाही. आणि कारण कळलं नाही म्हणून रिस्टार्टचा उपयोग झाला नाही, असंही म्हणत नाही. गोळी कशामुळे चालते हा एक प्रश्न, आणि ती चालते का हा दुसरा.

तर चालते का? २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये २१ औषधांचा एकत्रित अभ्यास आला. ५२२ चाचण्या, १,१६,४७७ माणसं. सगळी २१ औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली, पण सरासरी फरक माफक होता. माफक हा शब्द लक्षात ठेवा. नैराश्य जितकं तीव्र तितका औषधाचा फायदा जास्त दिसतो, असंही काही अभ्यासांत आढळलं आहे. सौम्य असेल तर फरक जेमतेम.

पण हे सगळ्या नैराश्याबद्दल झालं. जुनाट नैराश्यावरची जी चाचणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती २००० सालची, अमेरिकेतली. मार्टिन केलर आणि इतरांनी ६८१ जुनाट रुग्ण घेतले आणि त्यांचे तीन गट केले. एका गटाला नेफाझोडोन हे औषध, दुसऱ्याला जुनाट नैराश्यासाठीच तयार केलेली बोलण्याची उपचारपद्धती, तिसऱ्याला दोन्ही. बारा आठवड्यांनी फक्त औषधवाल्यांपैकी ४८ टक्क्यांना फरक पडला. फक्त थेरपीवाल्यांपैकीही ४८ टक्क्यांना. आणि दोन्ही घेणाऱ्यांपैकी ७३ टक्क्यांना.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ बघत बसलो. औषधाशिवायही जवळपास निम्म्यांना फरक पडला, म्हणजे 'औषध घ्यावंच लागतं का' याचं उत्तर 'प्रत्येकाला नाही' असं झालं. पण दोन्ही मिळाल्यावर जो फरक पडतो तो सोडून द्यायचा का, हा प्रश्न उरतो. आता याच चाचणीची दुसरी बाजू लपवत नाही. पैसा औषध कंपनीचा होता. लेखकांचे कंपन्यांशी इतके संबंध होते की त्याच अंकात त्या नियतकालिकाच्या संपादक मार्सिया एंजल यांनी वैद्यकशास्त्र विकायला काढलंय का, असा अग्रलेख लिहिला. आणि नेफाझोडोन यकृताला इजा करू शकतं असं पुढे दिसलं, आणि त्या कंपनीनेच २००४ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून काढून घेतलं. चाचांना गोळ्यांचा संशय येतो, तो काही हवेतून येत नाही. पण कंपनीच्याच पैशाने झालेल्या चाचणीत कंपनीचं औषध नुसत्या बोलण्याच्या उपचाराच्या पुढे गेलं नाही, हेही बघा. म्हणून त्या आकड्यांवर माझा भरवसा थोडा जास्तच बसला.

माझं सांगतो. मला एस्सिटॅलोप्राम सुरू झाली. पहिले दोन आठवडे मळमळ, बाकी शून्य. चौथ्या-पाचव्या आठवड्यात एक दिवस लक्षात आलं की आंघोळ करून कपडे घालून मी दारात उभा आहे आणि यासाठी स्वतःशी भांडावं लागलेलं नाही. आनंद वगैरे झाला नव्हता. गोळीने आनंद मिळतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पायाखाली जमीन आली, एवढंच. ती जमीन आल्यावर मी थेरपीला जाऊ शकलो. त्याआधी एक थेरपिस्ट झाल्या होत्या, चांगल्या होत्या, पण त्या सांगत ते करायला लागणारी ताकदच माझ्यात नव्हती.

आणि त्याची किंमत काय, तेही सांगतो. वजन वाढलं. शरीरसुखाची इच्छा कमी झाली. लग्न झालेल्यांनी डॉक्टरांना हे न लाजता विचारावं, कारण हा परिणाम बऱ्याच जणांना होतो आणि कुणी बोलत नाही. आणि माझी नानी गेली, जिने मला वाढवलं, तेव्हा मला रडू आलं नाही. सगळे रडत होते आणि मी पाण्याचे ग्लास भरत होतो. भावना बोथट होणं हाही या औषधांचा माहीत असलेला परिणाम आहे. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी काही महिन्यांत टप्प्याटप्प्याने डोस निम्म्यावर आणला. आता त्यावर आहे, थेरपीही चालू आहे. पुढे गोळी बंद होईल की नाही, मला माहीत नाही.

अब्बा दर ईदला विचारतात, "और कितने दिन?" त्यांच्या मनात काळजीच असते. उत्तर म्हणून मी त्यांना एक अभ्यास सांगतो. ब्रिटनमध्ये ४७८ जण घेतले, सगळे दीर्घकाळ गोळ्या घेणारे, आता बरं वाटतंय, बंद करून बघू म्हणणारे. अर्ध्यांची गोळी चालू ठेवली, अर्ध्यांची हळूहळू बंद केली, कुणाची कुठली हे त्यांना कळू न देता. २०२१ मध्ये निकाल आला. वर्षभरात गोळी बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांचं नैराश्य परत आलं, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांचं. म्हणजे बंद करून ४४ टक्के लोक वर्षभर ठीक राहिले, आणि चालू ठेवूनही ३९ टक्क्यांना त्रास झालाच. अब्बा निवृत्त शिक्षक आहेत. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुलाही ठाऊक नाही." बरोबर आहे. पण हे ठरवायचं मी आणि डॉक्टरांनी, शेजारच्या खालांनी नाही.

कारण आपल्याकडे गोळी बऱ्याचदा घरातले बंद करतात. आमच्या नात्यातल्या एक भाभी व्हिटॅमिनच्या बाटलीत नैराश्याच्या गोळ्या ठेवतात. सासूने एकदा खरी पाकिटं फेकून दिली होती, 'नशेच्या गोळ्या' म्हणून. इथे एक घोटाळा आहे तो सोडवू या. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या. त्यांची सवय लागते, डोस वाढत जातो, आणि घाईच्या ओपीडीत पाच मिनिटांत त्या लिहून दिल्या जातात आणि वर्षानुवर्षं चालू राहतात. त्याबद्दल सासूबाईंची भीती खरी आहे. नैराश्याच्या गोळ्या, फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, एस्सिटॅलोप्राम, या वेगळ्या. त्यांची तशी तलफ येत नाही. पण त्याही एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं, झोप उडणं असं होऊ शकतं. काही औषधांत जास्त, व्हेनलाफॅक्सिन आणि पॅरोक्सेटिनमध्ये विशेषतः. मग घरचे म्हणतात, बघा, नशाच होती. फेकलेल्या पाकिटामुळे झालेला त्रास गोळीच्या नावावर लिहिला जातो.

ज्यांच्याबाबत माझ्या मते वादच नको असे काही जण आहेत. जो जेवत नाही, ज्याने बोलणं सोडलंय, ज्याला भास होतात, जो मरणाचं बोलतो किंवा त्याची तयारी करतो. तिथे 'आधी थोडं ध्यान, थोडं वाचन' असं करत बसू नका. डॉक्टर गाठा, तोवर त्या माणसाला एकटं ठेवू नका. टेलि-मानसचा नंबर १४४१६ आहे, सरकारी आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. आणि पंचविशीच्या आतल्या मुलांना गोळी सुरू झाली तर पहिले काही आठवडे जवळून लक्ष ठेवा. त्या वयात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेत या औषधांच्या माहितीपत्रकातच असतो.

रमजान जवळ आलाय, म्हणून दोन शब्द. दिवसातून एकदा घ्यायची गोळी सहसा इफ्तार किंवा सहरीला घेता येते, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरांना विचारा, आणि ते आत्ता विचारा, चाँदरातीला नाही. लिथियम घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय रोजा धरूच नये. शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तात त्याचं प्रमाण वाढतं आणि ते जिवावर बेतू शकतं. सहरीमुळे झोप मोडते, आणि आमच्यासारख्यांची झोप मोडली की बाकी सगळं मोडायला वेळ लागत नाही. आजाऱ्याला कुराणाने रोज्यातून सूट दिलेली आहे, ती मधुमेहवाल्याला आपण लगेच देतो. आमच्या घरात इन्सुलिन घेणाऱ्या चाचांना 'रोजा का नाही' असं कुणी विचारत नाही. मला विचारतात.

धर्माचा विषय निघालाच आहे तर अबू झैद अल-बल्खी हे नाव सांगतो. नवव्या-दहाव्या शतकातले विद्वान, ९३४ मध्ये वारले. शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर त्यांनी एकच ग्रंथ लिहिला. त्यात ते दुःखाचे दोन प्रकार करतात: एक, ज्याचं कारण माणसाला माहीत आहे, आणि दुसरं, ज्याचं कारण सापडत नाही. पहिल्यासाठी ते बोलणं आणि विचार बदलणं सुचवतात. दुसऱ्याचं मूळ शरीरात आहे असं मानून ते शरीरावर उपचार सांगतात. त्यांचं शरीरशास्त्र आज चालणार नाही. पण कुठे शब्द लागतील आणि कुठे दवा लागेल हे वेगळं करून बघायला हवं, ही गोष्ट एका मुसलमान विद्वानाने हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवली होती. त्याने कुणाच्या इमानाची परीक्षा घेतली नव्हती.

दर्ग्यांबद्दलही बोलायला हवं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला, दर्ग्याजवळच्या एका खासगी निवाऱ्यात आग लागली आणि साखळदंडाने बांधलेले २८ मनोरुग्ण जळून गेले. तो दिवस आपण विसरता कामा नये. पण उत्तर गुजरातमध्ये उनावाला मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे 'दवा-दुआ' नावाचा उपक्रम चालला. दर्ग्यावर येणाऱ्या आजारी माणसांना ओळखायला मुजावरांना शिकवलं आणि आवारातच मानसोपचाराची सोय केली. मुजावर म्हणणार, दुआ मी करतो, दवा तिकडे घे. आमच्या मिरजेत मीरासाहेबांचा दर्गा आहे आणि गल्लोगल्ली दवाखाने आहेत. या दोन्हींतलं अंतर पायी दहा मिनिटांचं आहे.

आता शेवटचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर मी यायला हो म्हणालो. 'औषध लागतं का' हा प्रश्न विचारायलासुद्धा दुसरा पर्याय हातात असावा लागतो. मला पुण्यात थेरपीच्या एका तासाचे हजार-दीड हजार पडतात. माझी साधी जेनेरिक गोळी दिवसाला एका कटिंग चहाच्या आसपास जाते. मी आयटीत आहे, मला जमतं. जो रिक्षा चालवतो, जी घरी बसून शिलाईकाम करते, त्यांच्यापुढे निवड नाहीच. त्यांना गोळी मिळाली तर मिळाली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की साधारण वीसांतल्या एका भारतीयाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं, आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत कुठलाच उपचार पोहोचत नाही. त्यांना ना ते ४८ टक्के लागू, ना ७३.

पण शेजारच्या गोव्यात एक काम झालं आहे. 'संगत' या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांच्या गटाने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या माणसांना समुपदेशक म्हणून तयार केलं. मानसशास्त्राची पदवी नसलेली, तिथलीच, तिथल्या भाषेत बोलणारी माणसं. ते रुग्णाशी सहा ते आठ वेळा बोलायचे. बोलणं तत्त्वज्ञानाचं नाही: आज काय केलं, कुणाला भेटलात, आवडीचं कोणतं काम सोडून दिलंय, उद्या त्यातलं एक कुठलं करणार. रुग्ण मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याचे होते. २०१७ मध्ये निकाल आला: तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातले ३९ टक्के. हे सगळे जुनाट रुग्ण नव्हते, हे लक्षात ठेवा. तरीही पदवी नसलेल्या माणसांनी हे केलं.

आपल्याकडे तलाकपीडित बहिणींसाठी मदतकेंद्रं चालवलेल्या आपा आहेत. कोविडमध्ये घरोघर रेशन पोहोचवलेली मुलं आहेत. दार कसं वाजवायचं आणि आत गेल्यावर किती बोलायचं हे त्यांना शिकवावं लागणार नाही. बाकीचं प्रशिक्षण घेता येईल, एका मानसोपचारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, म्हणजे ज्याला गोळीची गरज आहे तो वेळेत त्यांच्याकडे जाईल. मी माझ्याकडून नोंदी ठेवायला एक साधं ॲप करून देतो, नावं गुप्त राहतील असं. दारापाशी एक वही ठेवली आहे. ज्यांना महिन्यातले दोन रविवार देता येतील त्यांनी नाव आणि मोहल्ला लिहावा.

आता प्रश्न घेऊ. फक्त स्वतःच्या गोळीचा डोस मला विचारू नका. त्यासाठी डॉक्टर मॅडम तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.